आधी तास मोजा, मग माल निवडा: घरातून ऑनलाइन व्यवसाय सुरू करणाऱ्या नाशिकच्या आईसाठी

पाथर्डी फाट्याच्या आमच्या सोसायटीत सकाळी सात दहाला शाळेची व्हॅन येते. मुलं गेली की नवऱ्याचा डबा, मग तो अंबडला कंपनीत जातो, सासूबाई पूजेला बसतात. त्यानंतर स्वयंपाकघर जेमतेम तासभर माझं एकटीचं असतं. हा तास मी पहिल्यांदा वहीत लिहिला तेव्हा व्यवसाय करायचा हे ठरलेलं होतं, पण कशाचा ते ठरलं नव्हतं. आज मी थालीपिठाची भाजणी, मेतकूट आणि नागलीचं सत्त्व विकते. नाशिकभर देते, पुण्या-मुंबईलाही पाठवते. हा लेख त्या वहीतूनच लिहिलाय.

बऱ्याच जणी सुरुवात मालापासून करतात. "माझे लाडू सगळ्यांना आवडतात, तेच विकते." लाडू आवडतात हे खरंच असतं. पण दोन महिन्यांनी मुलाला ताप येतो, त्याच आठवड्यात पाच किलोची ऑर्डर असते, आणि त्या रात्री रडू कोसळतं. आपल्याकडे भांडवल थोडं असतं हे खरं, पण त्याहून थोडा असतो तो सलग वेळ. म्हणून पहिली पायरी वेळेची.

पहिली पायरी: सात दिवसांची वही

एक साधी वही घ्या. आठवडाभर अर्ध्या अर्ध्या तासाने काय करत होतात ते लिहा. काही बदलू नका, फक्त लिहा. आठव्या दिवशी मोकळा वेळ तीन रंगांनी खुणा करून वेगळा करा. सलग वेळ म्हणजे दीड-दोन तास कुणी हाक मारणार नाही असा. तुटक वेळ म्हणजे वीस-पंचवीस मिनिटांचा, मध्येच उठावं लागलं तरी चालेल असा. तिसरा फोनचा वेळ: क्लासच्या बाहेर थांबलोय, कुकरच्या शिट्ट्या मोजतोय, तेव्हाचा.

माझ्या वहीत आठवड्याला नऊ तास निघाले. त्यात सलग फक्त शनिवार सकाळचे चार. बाकी सगळा चुरा. पण हा चुराही कामाचा असतो. लेबलं चिकटवणं, पत्ते लिहिणं, धान्य निवडणं तुटक वेळात होतं. भाजणं, तळणं, शिवणं, शिकवणं होत नाही. तुमचा सलग वेळ आठवड्याला दोन तासांहून कमी निघाला तर आत्ताच काही बनवून विकायला घेऊ नका. कुणाकडून तयार माल घेऊन विकणं तुम्हाला जमेल, किंवा बाळ वर्षभराने मोठं झाल्यावर बनवायला सुरुवात करता येईल. वर्षभर थांबल्याने काही हातचं जात नाही.

दुसरी पायरी: आपल्या तासांत बसणारा माल

नाशिकला राहतो हे आपलं भाग्य, कारण माल दारात आहे. पण त्यातलं काय आपल्या तासांत बसतं ते पाहायला हवं.

द्राक्षं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर येतात, पण ताजी द्राक्षं घरातून पाठवायच्या फंदात पडू नका. एक पेटी दोन दिवस उशिरा पोचली की सगळी मेहनत पाण्यात. बेदाणे मात्र उत्तम. टिकतात, फुटत नाहीत, आणि पिंपळगाव-निफाडकडे ओळखीचा शेतकरी असेल तर माल थेट मिळतो. सुरगाणा-पेठकडची नागली आणि इगतपुरीकडचा इंद्रायणी तांदूळही असेच टिकाऊ.

येवल्याच्या पैठणीकडे ओढा असतो. साडीत पैसा खूप अडकतो, म्हणून सुरुवातीला पैठणीच्या कापडाचे बटवे, पोटली, मुलींचे परकर-पोलके हा सोपा रस्ता आहे. एक गोष्ट मात्र पाळा: यंत्रमागाचं कापड हातमागाचं म्हणून विकू नका. येवल्याच्या पैठणीला भौगोलिक मानांकन आहे, आणि जाणकार बाई पदर उलटा करून बघते. हातमागावरच्या पदराची नक्षी मागूनही तितकीच साफ असते, सुटे धागे लोंबत नाहीत. यंत्रमागाचं असेल तर तसं लिहा, किंमत तशी ठेवा. गिऱ्हाईक ते आनंदाने घेतं.

ज्यांना बनवायचं काही नाही, त्यांनी शिकवण्याचा विचार जरूर करावा. परदेशातल्या मराठी मुलांना मराठी वाचन, श्लोक, गणित ऑनलाइन शिकवणाऱ्या कितीतरी जणी आहेत. इथेही तासच ठरवतात. दुबईत संध्याकाळचे पाच म्हणजे आपल्याकडे साडेसहा, म्हणजे आपल्या मुलांच्या अभ्यासाची वेळ. लंडनला उन्हाळ्यात पाच वाजतात तेव्हा आपले रात्रीचे साडेनऊ, मुलं झोपलेली. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची संध्याकाळ म्हणजे आपली भली पहाट. कोणत्या देशातली मुलं घ्यायची हे तुमच्या घरचं घड्याळ सांगेल.

खाद्यपदार्थ ठरवत असाल तर स्वतःला तीनच प्रश्न विचारा. हे महिनाभर टिकतं का? मध्येच गॅस बंद करून उठले तर बिघडतं का? आणि पाकीट आपटलं तर आतलं फुटतं का? चकली शेवटच्या दोन प्रश्नांत नापास होते. भाजणी तिन्हींत पास होते, म्हणून मी भाजणी निवडली. चकली मला फार छान जमते, तरीही.

आणि सुरुवात एका मालाने करा. दोन झाले तर दुसरा पहिल्याच्या सामानातून निघणारा हवा. मेतकुटाच्या डाळी आणि धने-जिरे भाजणीच्याच खरेदीत येतात, म्हणून माझा दुसरा माल मेतकूट झाला.

तिसरी पायरी: घरच्यांशी आधी बोला

हे लोक टाळतात आणि मग महिन्याने भांडणं होतात. "मदत करा" असं मोघम म्हणू नका, नेमकं काम सांगा. आमच्याकडे सोमवारी पार्सलं टपाल कार्यालयात नवरा टाकतो, कारण ते त्याच्या वाटेवर आहे. सासूबाईंना मी विचारलं, "आई, धान्य निवडायचं तुमच्याकडे द्यायचं का?" त्यांनी ते इतकं मनावर घेतलंय की एक खडा सुटत नाही. त्यांच्या या कामाचे पैसे मी दर महिन्याला त्यांच्या हातात देते. पहिल्यांदा त्या नको म्हणाल्या. आता त्यातून त्या भिशी भरतात.

चौथी पायरी: दहा जणींना विकत द्या

फुकट वाटलेला माल सगळ्यांना आवडतो. त्यातून काही कळत नाही. दहा ओळखीच्या घरी माल विकत द्या, हवं तर आलेल्या खर्चाइतक्याच भावात, पण पैसे घ्या. तीन आठवडे थांबा. किती जणी स्वतःहून परत मागतात ते मोजा. माझ्या दहांपैकी चौघींनी मागितली. दोघींनी सांगितलं की थालीपीठ तव्यावर तुटतं. मी ज्वारी थोडी कमी करून गहू आणि उडीद वाढवलं, मग ते थांबलं. हे त्या दोघींनी स्पष्ट सांगितलं नसतं तर मी तीच भाजणी शंभर घरांत पोचवली असती.

पाचवी पायरी: किंमत

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घेणार आहे, कारण आपल्या बायकांची चूक इथेच होते. आपण सामानाचा खर्च धरतो आणि आपला हात फुकट धरतो.

भाजणीचा माझ्या वहीतला एक घाणा बघा. ज्वारी दीड किलो ७५ रुपये, बाजरी एक किलो ४०, तांदूळ एक किलो ५०, हरभरा डाळ पाऊण किलो ६८, उडीद डाळ अर्धा किलो ६५, गहू पाव किलो १०, धने दीडशे ग्रॅम २४, जिरे पन्नास ग्रॅम १५. सामान झालं ३४७ रुपयांचं, वजन सव्वापाच किलोच्या आतबाहेर. भाजताना ओल उडते, गिरणीत थोडं राहतं. हाती येतं साधारण ४.८ किलो. त्यातून अर्धा किलोची नऊ पाकिटं होतात आणि तीनशे ग्रॅम उरतं, ते नमुन्याच्या पुड्यांना.

दळणाचे ५०, गॅसचे ४०, पाकीट आणि लेबल नगाला ९ प्रमाणे ८१. एकूण ५१८. नऊने भागलं की पाकिटाला साडेसत्तावन्न रुपये. मी सुरुवातीला ९० ला विकलं आणि पाकिटामागे बत्तीस रुपये सुटले म्हणून खूश होते.

मग एका शनिवारी घड्याळ लावून बसले. निवडण्यापासून सील मारेपर्यंत चार तास. तासाचे ८० रुपये धरले तरी ३२०, म्हणजे पाकिटामागे साडेपस्तीस. माझी मजुरी धरली तर पाकीट ९३ ला पडत होतं आणि मी ते ९० ला विकत होते. बदलून द्यावी लागणारी पाकिटं आणि नमुने यांचे सात रुपये धरून मी खर्च शंभर मानला आणि किंमत १५० केली.

दीडशे का, ते सांगते. एखादा दुकानदार माल ठेवायला तयार झाला तर तो साधारण पंचवीस टक्के मागेल. दीडशेतून साडेसदतीस गेले की एकशे साडेबारा राहतात. शंभर खर्च जाऊन थोडं तरी उरतं. किंमत १२० असती तर दुकानात ठेवणं म्हणजे पदरचे घालणं झालं असतं. किंमत पहिल्या दिवशीच अशी ठेवा, कारण नंतर वाढवताना जीव जातो. नव्वदचे दीडशे केले तेव्हा माझी पाच-सहा गिऱ्हाइकं गेली. बाकीच्यांनी चकार शब्द काढला नाही.

आणखी एक. दोन घाणे एकत्र केले तर चाराचे आठ तास होत नाहीत, सहा होतात. कढई एकदाच तापते, गिरणीची फेरी एकच होते. मजुरी पाकिटामागे सत्तावीस रुपयांवर येते. म्हणून रोज थोडं थोडं करण्यापेक्षा आठवड्यात एक दिवस ठरवून करणं कधीही परवडतं.

सहावी पायरी: कागदपत्रं

घाबरण्यासारखं यात काही नाही, फक्त क्रम पाळा.

खाण्याचा पदार्थ विकत असाल, घरातून का होईना, तर अन्नसुरक्षा नोंदणी आधी. ती फॉसकॉस या सरकारी पोर्टलवर स्वतः करता येते. फोटो, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा लागतो. मी केली तेव्हा १२ लाखांपर्यंतच्या वार्षिक उलाढालीसाठी छोट्या व्यावसायिकाची नोंदणी होती आणि फी वर्षाला १०० रुपये. भरण्याआधी पोर्टलवरची चालू फी आणि मर्यादा बघून घ्या. चौदा अंकी क्रमांक मिळतो, तो प्रत्येक पाकिटावर छापायचा.

उद्यम नोंदणी आधार क्रमांकावर होते आणि ती पूर्ण मोफत आहे. मोफत हे मुद्दाम सांगते, कारण शोधायला गेलं की सरकारी वाटणाऱ्या, पैसे मागणाऱ्या खासगी साइट आधी दिसतात. पत्त्याच्या शेवटी 'गव्ह डॉट इन' असेल तरच माहिती भरा. दुकाने व आस्थापना कायदा महाराष्ट्रात २०१७ चा आहे. मोजकीच माणसं कामाला असतील तर परवाना नाही, ऑनलाइन सूचना द्यावी लागते. तिची पावती बँकेत चालू खातं उघडताना कामाला येते.

जीएसटीबद्दल अर्धवट ऐकीव माहिती फार फिरते. आपल्या राज्यात वस्तू विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही, सेवेसाठी ही मर्यादा २० लाख. पण वस्तू राज्याबाहेर विकली तर ही सूट उरत नाही. तुम्ही नाशिकहून सुरतेच्या मावशीला एक पाकीट विकलं तरी नियमाने नोंदणी लागते. हस्तकलेच्या काही वस्तूंना यात सवलत आहे, भाजणीला नाही. म्हणून मी पहिली दोन वर्षं सरळ लिहून ठेवलं होतं: 'फक्त महाराष्ट्रात पाठवतो.' मोठ्या ऑनलाइन बाजारपेठांवर माल टाकायचा असेल तर ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणी नसलेल्या छोट्या विक्रेत्यालाही राज्यापुरतं तिथे विकता येतं, पण त्यासाठी जीएसटी पोर्टलवरून वेगळा नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. राज्याबाहेरून विचारणा महिन्याला पंधरा-वीसच्या वर गेली की नोंदणीसाठी सीएकडे जा, तोवर राज्यातच विका.

कर्ज? पहिले सहा महिने नको. मला सुरुवातीला पाकिटं सील करायचं हाताचं यंत्र, वजनकाटा, पाकिटं, लेबलं आणि धान्य मिळून पाच हजारांच्या आत खर्च आला. पुढे घरगुती चक्की किंवा मोठा रोस्टर घ्यायचा झाला तर मुद्रा योजनेत शिशू गटात ५० हजारांपर्यंत विनातारण कर्ज मिळतं, आणि खाद्यप्रक्रिया उद्योगांच्या केंद्राच्या योजनेत यंत्रांसाठी ३५ टक्के अनुदान होतं, ते आता चालू आहे का ते बघून घ्या. बचतगटात असाल तर त्यासाठी आधी गटात विचारा.

सातवी पायरी: बनवणं आणि पाकीट भरणं

माझा शनिवार सहाला सुरू होतो. प्रत्येक धान्य वेगळं भाजायचं, मंद आचेवर, लोखंडी कढईत. तांदूळ पांढरेशुभ्र फुलेपर्यंत, उडीद डाळ गुलाबीसर होऊन खमंग वास सुटेपर्यंत, धने-जिरे सगळ्यात शेवटी आणि जेमतेम. ते जळले तर अख्खा घाणा कडवट होतो.

गिरणीत सकाळीच जा. आमच्या गिरणीवाल्या काकांना मी सांगून ठेवलंय, माझं दळण ज्वारी-तांदळाच्या मागून घ्या. उपवासाची भाजणी करत असाल तर हे जास्तच सांभाळा. गव्हाच्या मागोमाग राजगिरा-वरई दळली तर जात्यातला गहू त्यात उतरतो, आणि तुमच्यावर विश्वास ठेवून एकादशी करणाऱ्या बाईचा उपवास मोडतो. जातं साफ करून घ्यायचं, पहिलं ओंजळभर पीठ बाजूला काढायचं, मगच आपलं धरायचं. ज्यांना गहू चालत नाही त्यांना तर सांगायलाच हवं. आणि पाकिटावर गहू आहे की नाही हे ठळक लिहायचं.

आता माझी चूक सांगते. पहिल्या पावसाळ्यात पुण्याची चौदा पाकिटांची ऑर्डर होती आणि दुपारी मुलीच्या शाळेत जायचं होतं. गिरणीतून आलेलं पीठ हाताला कोमट लागत होतं. तसंच भरलं, सील मारलं. आठ दिवसांनी ताईंनी फोटो पाठवला: पाकिटाच्या आतून बारीक दव, पिठाच्या गुठळ्या, एका कोपऱ्यात करडी बुरशी. गरम पिठाची वाफ आत कोंडली होती. मी चौदाचेही पैसे त्याच दिवशी परत केले. तेव्हापासून पीठ मोठ्या परातींत पसरून, वर पातळ सुती कापड टाकून, रात्रभर निवतं आणि रविवारी भरलं जातं. पावसाळ्यात धान्य भाजण्याआधी अर्धा दिवस पंख्याखाली राहतं. नागलीचं सत्त्व जून ते सप्टेंबर मी करतच नाही. मोड आलेली नागली त्या हवेत नीट वाळत नाही.

पाकिटावर काय हवं ते एका दमात सांगते: पदार्थाचं नाव, जास्त ते कमी अशा क्रमाने घटक, निव्वळ वजन, बनवल्याची तारीख, कोणत्या तारखेपर्यंत वापरावं, बॅच क्रमांक, सर्व करांसह कमाल किंमत आणि दर ग्रॅमचा भाव, शाकाहाराची हिरवी खूण, अन्नसुरक्षा क्रमांक, तुमचं नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी फोन. फोनसाठी वेगळं सिम घ्या. घरचा नंबर पाकिटावर गेला की रात्री अकरालाही वाजतो.

आठवी पायरी: फोनवरचं दुकान

वेबसाइटची आत्ता गरज नाही. व्हॉट्सॲप बिझनेस पुरेसं आहे. त्यात कॅटलॉग करा, प्रत्येक मालाला फोटो, वजन, किंमत. तुमच्या गैरहजेरीत जाणारा निरोप लिहून ठेवा. माझा असा आहे:

"नमस्कार ताई, दादा. ऑर्डर गुरुवारी रात्री नऊपर्यंत घेतो. माल शनिवारी ताजा बनतो, सोमवारी पाठवतो. किंमत आणि वजन कॅटलॉगमध्ये आहे. तुमच्या निरोपाला दुपारी दोन ते तीन किंवा रात्री नऊनंतर उत्तर देईन."

हा निरोप लावल्यापासून स्वयंपाक करताना फोन हातात घ्यायची सवय सुटली. आधी "ताई, भाजणी आहे का?" असं आलं की मी पोळी तव्यावर टाकून उत्तर द्यायचे. लोक थांबतात. कधी उत्तर येणार हे माहीत असलं की नक्की थांबतात. ब्रॉडकास्टचा, म्हणजे एकदम अनेकांना जाणारा निरोप ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो, म्हणून प्रत्येक पाकिटात "नंबर सेव्ह करा, पुढची तारीख कळवू" अशी चिठ्ठी टाका.

फोटोसाठी सकाळी आठ-नऊचा खिडकीतला उजेड घ्या, फ्लॅश बंद. खिडकीच्या समोरच्या बाजूला पांढरा कागद उभा धरला की सावली मऊ होते. स्टीलच्या ताटात चमक येते, त्यापेक्षा पितळी किंवा मातीचं भांडं बरं. नुसत्या पाकिटाचा फोटो कुणी बघत नाही. तव्यावरच्या थालीपिठाचा, भोकात तेल फुटताना काढलेला, बघतात. नेटवरून उचललेला फोटो कधीच लावू नका.

गिऱ्हाईक जवळून लांब असं वाढू द्या. आधी सोसायटीचा ग्रुप, मग शाळेच्या पालकांचा, मग इंदिरानगर-सिडकोतल्या ओळखी, मग पुण्या-मुंबईला गेलेली नाशिकची माणसं. या शेवटच्या लोकांना घरची चव हवी असते, आणि ते कधीच भावात घासाघीस करत नाहीत.

नववी पायरी: पैसे घेणं, आणि फसणं टाळणं

व्यवसायाचं बँक खातं वेगळं ठेवा, यूपीआय त्याच खात्याला जोडा. पैसे आधी, पार्सल नंतर. ओळखीच्यांनाही हाच नियम, म्हणजे कुणाला वाईट वाटत नाही.

एक फोन तुम्हाला कधी ना कधी येईल. माणूस हिंदीत बोलेल, लष्करातून बोलतोय म्हणेल, चाळीस पाकिटांची ऑर्डर देईल, भाव विचारणार नाही. आपल्याकडे देवळालीला तोफखाना आहे, म्हणून नाशिकच्या बाईला हे सहज खरं वाटतं. मग तो क्यूआर कोड पाठवेल आणि म्हणेल, पैसे मिळवण्यासाठी हा स्कॅन करून पिन टाका. पैसे घ्यायला पिन कधीही लागत नाही. पिन टाकला की पैसे जातातच. फोन ठेवून द्या. चुकून पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच १९३० या हेल्पलाइनवर तक्रार करा. जितकं लवकर, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

दहावी पायरी: पार्सल

पार्सलचा दर वजनाच्या टप्प्यांवर असतो. अर्धा किलोचं पाकीट खोक्यात घातलं की सहाशे ग्रॅमच्या आसपास जातं आणि पुढच्या टप्प्याचे पैसे पडतात. हे लक्षात आल्यावर बाहेरगावसाठी मी ४०० ग्रॅमचं पाकीट सुरू केलं. जाड पिशवीत घालून ते पाचशेच्या आत राहतं. गिऱ्हाइकाचा टपालखर्च वाचतो आणि ती पुढच्या महिन्यात परत मागवते.

खोकं मोठं आणि हलकं असेल तर खासगी कुरिअर आकाराचं वजन धरतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुधा ५००० ने भागतात. २५ बाय २० बाय १५ चं खोकं दीड किलोचं मोजलं जातं, आत सहाशे ग्रॅम लाडू असले तरी. म्हणून खोकं मालाच्या मापाचंच घ्या. रविवार कारंजा, मेन रोडकडे चौकशी केली तर लहान मापाची खोकी थोडक्या संख्येनेही मिळतात.

शुक्रवार-शनिवारी पार्सल टाकू नका, रविवारी ते कुठेतरी पडून राहतं. सोमवार-मंगळवार टाकलं की आठवड्याच्या आत पोचतं. पावतीचा फोटो गिऱ्हाइकाला त्याच दिवशी पाठवा.

हिशेब

रोज रात्री दोन मिनिटं. आले, गेले, कुणाचे राहिले. महिनाअखेरीस आधी स्वतःची मजुरी घरखर्चाच्या खात्यात टाका, धान्याची रक्कम बाजूला ठेवा, उरेल तो नफा. दर तीन महिन्यांनी धान्याचे भाव पुन्हा मांडा. डाळ वाढली की पाकिटाचा खर्च बदलतो.

सुट्टी आणि दिवाळी

मुलांच्या परीक्षेचे पंधरा दिवस मी ऑर्डर घेत नाही. महिनाभर आधी स्टेटसला तारीख टाकते, आणि ज्या नेहमीच्या ताई आहेत त्यांना दोन पाकिटं जास्त घ्यायला सांगते. भाजणी तोवर टिकते.

दिवाळीला खरी कसोटी. भाजणीला एकदम मागणी येते, आणि सगळ्यांना ती एकाच आठवड्यात हवी असते. दसऱ्याआधी मी वही काढते, त्या दोन आठवड्यांतले सलग तास मोजते. गेल्या वर्षी बारा निघाले. दोन घाण्यांना सहा तास, म्हणजे चार घाणे, छत्तीस पाकिटं. छत्तिसावं नाव लिहून झालं की स्टेटसला एक ओळ जाते: "या दिवाळीच्या ऑर्डर पूर्ण झाल्या. पुढचा घाणा भाऊबीजेनंतरच्या शनिवारी." त्यानंतर आलेली नावं वहीच्या पुढच्या पानावर, त्या शनिवारच्या तारखेखाली लिहिते, आणि फोन चार्जिंगला लावून मुलांबरोबर किल्ल्याची माती कालवायला खाली जाते.